वजिरापुढचं प्यादं

शनिवार, २६ जुलै २०२५. श्रावणाचा दुसरा दिवस. आपल्याकडे साडेचार वाजले आणि तिकडे जॉर्जियात, काळ्या समुद्राच्या काठावरच्या बटुमी शहरात, नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुखने आपल्या वजिरापुढचं प्यादं उचलून दोन घरं पुढे ठेवलं. महिला विश्वचषकाची अंतिम लढत, त्यातला पहिला डाव, समोर कोनेरू हंपी. बुद्धिबळाच्या कागदावर या चालीची नोंद ‘डी-४’ एवढीच होते. हात कापत होता का, पाणी प्यायली का, आईकडे पाहिलं का, याला त्या कागदावर रकाना नाही.

नागपुरात बातमी लगेच पोचली. पण तिचं करायचं काय, हे कोणालाच कळेना. क्रिकेट असतं तर आम्ही तयार असतो. जामठ्याला स्टेडियम आहे, घरात टीव्हीसमोर प्रत्येकाची ठरलेली जागा आहे, आणि ‘तू उठू नको बे, तू उठला की विकेट जाते’ हे शास्त्र तर पिढीजात आहे. बुद्धिबळ पाहायचं कसं, याची रीत मात्र शहराला लागलेली नव्हती. आमच्या इमारतीतले रेल्वेतून निवृत्त झालेले काका चहाचा कप घेऊन आमच्याकडे आले, मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता त्याच्यासमोर बसले आणि पाच मिनिटांनी त्यांनी विचारलं, ‘काय चाललं आहे?’

‘विचार करून राहिली.’

चहा संपला. ‘आता?’

‘आता ती दुसरी विचार करून राहिली.’

‘मग आपण कायले बसून राहिलो?’

प्रश्न रास्त होता. पण तेवढ्यात काकांना पडद्याच्या कडेची ती उभी पट्टी दिसली आणि ते जे बसले ते बसलेच. ही पट्टी काळी आणि पांढरी असते. पांढऱ्याची बाजू वरचढ झाली की पांढरा रंग वाढतो, काळ्याची झाली की काळा. संगणक प्रत्येक चालीनंतर आपला निकाल त्या पट्टीत ओततो. या एका सोयीने बुद्धिबळाचा प्रेक्षक जन्माला घातला असं मला वाटतं. कारण आता डाव कळायची गरजच उरलेली नाही, पट्टी कळली की झालं. घोडा अडीच घरं जातो एवढ्या भांडवलावर आयुष्य काढलेली माणसं त्या दिवशी ‘इथं चुकली!’ असं म्हणू लागली. तेही कोणाबद्दल, तर जागतिक ज्युनियर विजेतेपद आणि बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमधली दोन सुवर्णपदकं आधीच्याच वर्षी घरी आणलेल्या मुलीबद्दल. आदल्या दिवसापर्यंत तिला ओळखत नसलेले लोक तिच्या उंटाची काळजी करत होते.

डी-४ ला हंपीनेही आपल्या वजिराचं प्यादं समोर आणून उत्तर दिलं. मग दिव्याने शेजारचं, उंटापुढचं प्यादं पुढे केलं. म्हणजे सरळ माराच्या तोंडी ठेवलं. याला क्वीन्स गॅम्बिट म्हणतात. ‘ती सिरियल ना?’ असं आमच्या घरातून लगेच विचारलं गेलं. तीच. २०२० मध्ये जग घरात कोंडलेलं असताना त्या मालिकेने अनेकांना पट विकत घ्यायला लावला. त्यातले बरेचसे पट आज माळ्यावर आहेत, पण नाव मात्र लोकांच्या तोंडी राहिलं. हंपीने ते प्यादं मारलं. क्वीन्स गॅम्बिट स्वीकारला.

आता हे दान काही खरं दान नव्हे. पाहुणा निघताना आपण दारात ‘जेवूनच जा ना’ म्हणावं आणि त्याने खरंच चपला काढाव्यात, तसा हा मामला आहे. देणाऱ्यालाही ठाऊक असतं की प्यादं बहुतेक परत मिळणार आहे, आणि घेणाऱ्यालाही ठाऊक असतं की ते धरून ठेवण्यात अर्थ नाही. जो हावरटपणे ते राखायला जातो त्याचं पुढे सगळंच बिघडतं. शहाणा खेळाडू मारतो, परत देतो, आणि पांढरा ते परत घेण्यात गुंतलेला असताना आपली मोहरी बाहेर काढून घेतो. हंपी शहाण्यांतली शहाणी. ती २००२ मध्ये ग्रँडमास्टर झाली. दिव्याचा जन्म डिसेंबर २००५ चा.

राजापुढचं प्यादं आणि वजिरापुढचं प्यादं, पटाच्या मधोमध ही दोन शेजारी उभी असतात आणि बुद्धिबळातल्या बहुसंख्य डावांची सुरुवात यातल्या एकाने होते. राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे गेलं की उघड्यावर पडतं, त्याच्या मागे कोणी नसतं. वजिरापुढचं प्यादं तेवढंच पुढे गेलं तरी त्याच्या पाठीशी खुद्द वजीर उभा असतो. वजीर पाठीशी असण्याचं महत्त्व दर डिसेंबरात अधिवेशन भरवणाऱ्या उपराजधानीला मी समजावून सांगायला नको. म्हणून असेल, पण ज्यांना रक्तपात लवकर हवा असतो ते राजापुढचं प्यादं ढकलतात आणि ज्यांना निवांतपणे आधी घर लावून घ्यायचं असतं ते वजिरापुढचं.

निदान समजूत तशी आहे. माझा या समजुतीवर अनेक वर्षं विश्वास होता, कारण तिला पुरावाही भरभक्कम आहे. १९२७ मध्ये ब्युनोस आयर्सला कापाब्लांका आणि आलेखिन यांच्यात जगज्जेतेपदासाठी ३४ डाव झाले. त्यातले ३२ डाव क्वीन्स गॅम्बिट नाकारण्याच्या एकाच पद्धतीने सुरू झाले, आणि ३४ पैकी २५ बरोबरीत सुटले. अडीच महिने दोन प्रौढ माणसं समोरासमोर बसून जवळजवळ तेच ते मांडत होती. त्या काळी कडेची पट्टी नव्हती हे प्रेक्षकांचं नशीब म्हणायचं की दुर्दैव, मला ठरवता येत नाही.

पण दुसरीकडे बघा. बॉबी फिशर हा राजाच्या प्याद्याचा कट्टर भक्त. १९७२ मध्ये रेक्याविकला, जगज्जेतेपदाच्या सहाव्या डावात, त्याने वेगळीच सुरुवात केली आणि डाव फिरवून क्वीन्स गॅम्बिटमध्ये आणला. आयुष्यभर ज्याची चेष्टा केली त्याच सुरुवातीने तो इतका सुंदर जिंकला की हरलेल्या स्पास्कीनेही प्रेक्षकांबरोबर टाळ्या वाजवल्या. आपला आनंदही मूळचा राजापुढच्या प्याद्याचाच माणूस. २००८ मध्ये बॉनला जगज्जेतेपदासाठी क्रॅमनिकसमोर बसला आणि पांढऱ्या मोहऱ्यांनी डी-४ खेळू लागला. क्रॅमनिकची तयारी भलत्याच दिशेला झालेली होती. आनंद जिंकला. म्हणजे हे निवांत प्यादं तितकंसं निवांत नाही. ते पुढे गेल्यावर शांतता पसरते खरी, पण ती कशाच्या आधीची शांतता आहे हे पटावर लिहिलेलं नसतं.

काळ्याकडून या प्याद्याला जी उत्तरं दिली जातात त्यांत एक मोठं खानदान हिंदुस्थानी आहे, हे आपल्याकडे फारसं कोणी सांगत नाही. किंग्ज इंडियन, क्वीन्स इंडियन, निम्झो-इंडियन. ही नावं ठेवली गोऱ्यांनीच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कोलकात्यात जॉन कॉक्रन नावाचे स्कॉटिश बॅरिस्टर होते, पट्टीचे खेळाडू. त्यांच्यासमोर मोहेशचंद्र बॅनर्जी हे बंगाली गृहस्थ बसायचे. मोहेशचंद्र मध्याच्या घरांवर झडप घालत नसत. प्यादी एकेक घर पुढे, उंट कोपऱ्यात, आणि मग सावकाश. इंग्रजांना ही काहीतरी पौर्वात्य तऱ्हा वाटली. पण आपल्या देशी नियमांत वाढलेल्या माणसाला ती साहजिक होती, कारण त्या खेळात प्यादं सहसा एकच घर चालायचं. दोन घरांची उडी ही विलायती घाई.

देशी नियम माझ्या आजोबांच्या पिढीपर्यंत घरोघर चालत. त्यात राजाला शह मिळाला नसेल तर एकदाच घोड्यासारखी उडी मारायची मुभा असे. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ते ज्या घरात पोचलं त्या घराचं मोहरं व्हायचं. हवा तेव्हा वजीर, असला लाड नव्हता. समोरच्याचे सगळे मोहरे मारून राजा एकटा उरवला तर त्याला ‘बुर्जी’ म्हणत, तो पूर्ण विजय मानत नसत. आणि प्याद्याने मात करणं ही सगळ्यात मानाची गोष्ट. दुपारी ओसरीवर सुरू झालेला डाव दिवेलागणीला अर्धवट झाकून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी दोघंही मनात तोच डाव घेऊन यायचे. घड्याळ नव्हतं. बटुमीला प्रत्येकीला चाळीस चालींसाठी नव्वद मिनिटं होती, शिवाय दर चालीला तीस सेकंदांची भर. आजोबांना तीस सेकंदात अडकित्ताही सापडला नसता.

आजच्या नागपुरात हा खेळ ओसरीवरून उठून हॉलमध्ये गेला आहे, आणि ज्याने तो हॉल पाहिला नाही त्याला दिव्याचा डी-४ अर्धाच कळेल असं मला वाटतं. माझा भाचा रेटिंगच्या स्पर्धा खेळतो, म्हणून मला हे भाग्य लाभलं. स्पर्धा बहुधा मे महिन्यात, कारण शाळांना सुट्टी तेव्हाच. बाहेर पंचेचाळीस अंश. आत मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये लांबच लांब टेबलं, त्यावर गुंडाळी उलगडलेले रबरी पट, आणि चारी कोपऱ्यांत जंबो कूलर. त्यांच्या आवाजात पंचांच्या सूचना बुडून जातात. कूलरसमोरचं टेबल मिळालं तर नशीब, पण तिथे चाल लिहायचा कागद उडतो. सहा वर्षांचं पोट्टं एका हाताने कागद दाबून दुसऱ्या हाताने हत्ती हलवत असतं. समोर सत्तरीचे आजोबा असतात, कारण खुल्या गटात वयाची अट नसते. आजोबा हरतात. हरल्यावर ते पोराच्या डोक्यावरून हात फिरवतात, मग बाहेर येऊन रसवंतीवर एकटेच उसाचा रस पितात.

खरी स्पर्धा मात्र हॉलच्या बाहेर, जिन्यावर भरते. तिथे पालक असतात. सतरंज्या, डबे, संत्र्याच्या गोळ्या, चार्जर, आणि ‘तुमचा कितव्या बोर्डावर?’ दार उघडून पोरगं बाहेर आलं की वीस माणसं त्याचा चेहरा वाचतात. जिंकलेलं पळत येतं. हरलेलं बुटांच्या लेसकडे बघत येतं. पण काही पोरं नुसती चालत येतात, आणि तिथे पालकांची पंचाईत होते.

‘काय झालं?’

‘ड्रॉ.’

‘पांढरे होते ना तुझे?’

हा प्रश्न मी इतक्या आयांच्या तोंडून ऐकला आहे की त्याला चाल लावता येईल. पांढऱ्याला पहिली चाल मिळते, म्हणून पांढऱ्याने जिंकलंच पाहिजे, असा जिन्यावरचा कायदा आहे. तिसऱ्या पायरीवर बसलेले एक बाबा एकदा मला म्हणाले, ‘ड्रॉच करायचा होता तर एवढ्या उन्हात कायले आणलं?’ पोरगं ऐकत होतं. चार तास चिवटपणे बसून, आपल्याहून दोनशे गुणांनी वरच्या खेळाडूला त्याने हलू दिलं नव्हतं. त्याच्या हातात अर्धा गुण होता आणि घरच्यांच्या हिशेबात तो शून्यात धरला गेला होता.

याच पालकांच्या धास्तीपोटी हॉलमध्ये एक साथ पसरली आहे. तिचं नाव लंडन सिस्टीम. तीही डी-४ नेच सुरू होते: वजिरापुढचं प्यादं, घोडा, मग उंट बाहेर काढून एफ-४ वर, आणि समोरचा काहीही खेळो, आपण आपलं घर लावत बसायचं. शिकवायला सोपी, पाठ करायला सोपी, लवकर हरायची भीती कमी. परिणाम असा की पहिल्या दहा मिनिटांत तुम्ही रांगेतून फिरलात तर एकच डाव ओळीने अनेक पटांवर मांडून ठेवल्यासारखा दिसतो. लंडनला नावं ठेवायची फॅशन आहे. मी ठेवत नाही. २०२३ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत डिंग लिरेनने याच पद्धतीने नेपोम्नियाचीला हरवलं. सुरुवातीत दोष नसतो. दोष असतो तो पोराला सातव्या चालीपर्यंत काय खेळायचं ते सांगून आठव्या चालीला एकटं सोडण्यात.

अशाच हॉलांमधून या शहराने रौनक साधवानी दिला, जो २०१९ मध्ये तेराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला. २०२१ मध्ये संकल्प गुप्ता झाला. दिव्या आणि रौनक दोघंही डिसेंबर २००५ चे. त्या महिन्यात नागपूरच्या पाण्यात काय होतं कोण जाणे. दिव्याची गोष्ट तिच्या घरच्यांनी वर्तमानपत्रांना सांगितलेली आहे: आईवडील दोघंही डॉक्टर, मोठी बहीण बॅडमिंटन शिकायला जायची, हिलाही नेलं, पण पाच वर्षांच्या मुलीची उंची नेटला पुरेना. तिथेच बुद्धिबळाचा वर्ग चालायचा. पट टेबलावर असतो, तिथे उंचीचा प्रश्न येत नाही. भारतीय बुद्धिबळाने त्या नेटचे आभार मानले पाहिजेत.

तर, बटुमीचा डाव. दिव्या मुळात हल्ल्याची खेळाडू. वजिरापुढचं प्यादं ढकलून ती घर लावत बसली नाही, चौदाव्या चालीच्या आसपासच पांढरी बाजू चांगली वरचढ झाल्याचं पट्टी दाखवू लागली. आमचे काका आता उभे राहिले होते. ‘जिंकली, जिंकली! पट्टी पहा!’ पण पट्टीला जे दिसतं ते पटावर बसलेल्या माणसाला दिसेलच असं नाही. संगणक त्या गुंत्यातून वाट काढतो ती लाखो शक्यता तपासून. एकोणीस वर्षांच्या मुलीला ती वाट काढायची असते घड्याळाकडे बघत, समोर एक जगप्रसिद्ध शांत चेहरा ठेवून. डाव गुंतला. हंपीने हळूहळू सावरलं. पट्टी मधोमध आली. काकाही बसले. ४१ व्या चालीला डाव बरोबरीत सुटला.

‘म्हणजे काय झालं?’ काकांनी विचारलं.

‘बरोबरी.’

‘म्हणजे काहीच नाही झालं?’ आणि मग, मला वाटलंच होतं, ‘पांढरे तर हिचेच होते ना?’

जिन्यावरचा कायदा सातासमुद्रापलीकडे लागू झाला. संध्याकाळी भाजीवाल्याकडे, दुसऱ्या दिवशी सकाळी तर्री पोह्याच्या ठेल्यावर, तेच ऐकू आलं. हातातली संधी गेली. जिंकायला पाहिजे होतं. तर्री ओरपता ओरपता एक गृहस्थ म्हणाले, ‘तिथं आपण असतो तर...’ पुढचं त्यांनी पोह्यांबरोबर गिळलं, ते बरं केलं.

मला तो डाव आवडला, आणि बरोबरीमुळेच आवडला. हंपी काय चीज आहे हे आधी लक्षात घ्या. २०१७ मध्ये मुलगी झाल्यानंतर खेळ थांबवून पुन्हा परतलेली, २०१९ आणि २०२४ असे दोनदा जागतिक जलद विजेतेपद मिळवणारी बाई. तिच्यासमोर पहिल्याच दिवशी पुढे जायचं, जिंकण्याजवळ पोचायचं, ती वाट हातातून सुटताना बघायचं, आणि तरीही न कोसळता उरलेला डाव नीट आवरायचा. मधलं ते ‘तरीही’ कोणत्याच पट्टीत दिसत नाही. हातचा गेलेला डाव पुढच्या दहा चालींत हरणारे खेळाडू मी जिन्यावर बसून पाहिले आहेत. संधी हुकल्याचा राग आला की माणूस ती परत मिळवायला धावतो आणि उरलंसुरलंही गमावतो. इथे तसं झालं नाही. आणि हंपीकडून पाहिलं तर अडचणीतल्या डावातून अर्धा गुण काढून नेणं हेही तितकंच मोठं काम. तिचं कौतुक नागपुरात कोणी केलं नाही, म्हणून इथे करून ठेवतो.

रविवारी दुसरा डाव, पांढरे हंपीचे, ३४ चालींत पुन्हा बरोबरी. काका आलेच नाहीत. सोमवारी टायब्रेक, तो श्रावणातला पहिला सोमवार. घरोघरी साबुदाण्याची खिचडी, आणि उपास सोडायच्या वेळेच्या आधी निकाल लागावा अशी सर्वांची अपेक्षा. जलद डावांत विचाराला वेळ कमी म्हणून डाव लवकर आटपेल हा आमचा हिशेब. पहिला जलद डाव ८१ चाली चालला. बरोबरी. आता इमारतीतले लोक बरोबरीला सरावले होते, ‘चालते, चालते’ म्हणू लागले होते. दुसऱ्या जलद डावात हंपीने कॅटलन खेळलं. तेही वजिरापुढच्या प्याद्याच्याच घराण्यातलं, फक्त उंट बगलेतून काढणारं. म्हणजे शनिवारी जे प्यादं दिव्याच्या बाजूने होतं ते सोमवारी तिच्यावर चालून आलं. डाव लांबला, दोघींकडून चुका झाल्या, वेळेच्या तंगीत शेवटची चूक हंपीकडून झाली, आणि ७५ चालींनंतर काळे मोहरे जिंकले. जिंकल्यावर दिव्या आईच्या गळ्यात पडून रडली. थोड्या वेळाने तिने प्रामाणिकपणे सांगून टाकलं की आपल्याला एंडगेम शिकायला हवेत. आमच्या इमारतीत तोवर पेढे वाटून झाले होते.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. स्पर्धेत पंधरावं मानांकन असलेली मुलगी विश्वचषक विजेती झाली. ग्रँडमास्टर व्हायला एरवी तीन नॉर्म आणि २५०० रेटिंग लागतं. तिच्या खात्यात एकही नॉर्म नव्हता, पण महिला विश्वचषक जिंकणाऱ्याला हा किताब थेट मिळतो, म्हणून ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. भारतीय महिलांमध्ये चौथी. नागपूरला परतली तेव्हा विमानतळावर गर्दी उसळली. चौकाचौकात फलक लागले. त्या फलकांवर नेत्यांचे चेहरे मोठे आणि दिव्याचा लहान, हे आता वेगळं सांगायला नको. वजीर पाठीशी उभा असतो, असं मी वर म्हटलंच आहे.

त्यानंतर बुद्धिबळाच्या वर्गांना गर्दी झाली, जिन्यावर जागा मिळेनाशी झाली. नवे पालक येतात, पोरांना सांगतात, ‘दिव्याताईसारखं जिंकायचं.’ अंतिम लढतीतला कोणता डाव पाहिला असं विचारलं तर सगळे शेवटचा सांगतात. साहजिक आहे, तो जिंकलेला आहे. पण चार डावांच्या त्या लढतीत तीन डाव बरोबरीत सुटले. आधी तीन अर्धे गुण कमावले, तेव्हा चौथा डाव विश्वचषक देणारा ठरला. हिशेब अडीच विरुद्ध दीड असा आहे, आणि त्या अडीचमधला दीड हा ‘काहीच नाही झालं’ या खात्यातला आहे.

शनिवारचा तो ४१ चालींचा डाव कुठेही सहज मिळतो. घरात पट असेल तर माळ्यावरून काढा, पुसा, मोहरी मांडा आणि कडेच्या पट्टीशिवाय एकदा तो डाव खेळून पहा. चौदाव्या चालीला थांबा, आणि आपल्याला काय सुचतं ते बघा. आणि मे महिन्यात एखाद्या जिन्यावर बसायची वेळ आली, दार उघडून पोरगं नुसतं चालत बाहेर आलं आणि ‘ड्रॉ’ म्हणालं, तर मोहऱ्यांचा रंग विचारू नका. ‘किती चालींचा झाला रे?’ असं विचारा आणि मग त्याला बोलू द्या.